मोठा आवळा कोणता?

आवळा देऊन कोहळा काढणें ही म्हण आमच्या भाषेंत इतकी रुळलेली आहे कीं, ती उच्चारतांना तिच्यांतील व्यवहार आमच्या डोळ्यांसमोर उभाच राहत नाहीं. ज्या काळीं ही म्हण पडली, त्या काळीं आवळा घेणाराला आपला कोहळा गेल्याचें निदान सायंकाळपर्यंत तरी कळत असे. आजचा आवळा घेणारा मात्र असा विद्वान् निपजला आहे कीं, कोहळा कोणाचा गेला व कोठें गेला ह्याची चौकशीच न करितां, दोन आवळ्यांपैकीं मोठा कोणता ह्या वादांत तो आपली सारी बुद्धि खर्चीं घालतो. क्रेडिट कार्डावर मिळणाऱ्या ‘कॅशबॅक’विषयीं सुशिक्षित घरांतून सध्यां जी चर्चा चालते ती ह्याच जातीची आहे, आणि तिच्याविषयीं चार स्पष्ट शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त घडलें तें मुळशी तालुक्यांतील भरे ह्या गांवीं. चांदणी चौक ओलांडून भूगांव, भुकूम, पिरंगुट अशीं गांवें मागें टाकीत मनुष्य इकडे येतो, तेव्हां पुणें कोठें संपलें आणि मुळशीचें खोरें कोठें सुरू झालें हें आतां सांगतां येत नाहीं. कारखान्यांच्या भिंती, भाताचीं खाचरें आणि नव्या इमारती एकमेकांस खेटून उभ्या आहेत. आमच्या एका स्नेह्यांनीं निवृत्तीनंतर तेथें लहानसें घर घेतलें व वास्तुशांतीस आम्हांस बोलाविलें. जेवणें आटोपून मंडळी सुपारी कातरीत बसली, तों बोलणें कशावरून तरी कार्डांवर आलें. स्नेह्यांचे जांवई म्हणाले, शेंकडा पांच परत देतें तेंच कार्ड खरें. पुतण्यानें उत्तर दिलें कीं, ते पांच घरबसल्या मागविलेल्या मालापुरतेच. आपलें सरसकट दीड देणारें कार्ड बरें. एका मामींनीं तर पर्समधून चार कार्डें काढून, किराण्यास कोणतें, विजेच्या बिलास कोणतें व औषधांस कोणतें, हा क्रम पूजेच्या साहित्यासारखा मांडून दाखविला. तासभर हा शास्त्रार्थ रंगला.

सायंकाळीं मुक्कामाच्या मंडळींसाठीं सामान आणावयास पुतण्या गांवांतल्या दुकानीं गेला. पाय मोकळे करावे म्हणून आम्हीही बरोबर गेलों. तेल, तांदूळ, साखर, चहा मिळून सामान साडेतीन हजारांचें झालें. दुकानांत फोननें पैसे घेण्याचा चौकटींचा फलक होता, परंतु पुतण्याच्या कार्डाचे पैसे त्यावर चालेनात. तेव्हां दुकानदार म्हणाला, “दादा, खात्यातनं टाका नाहीतर रोख द्या. उद्या दिलंत तरी चालंल. पण कार्डाचं नको. तेलाच्या डब्यामागं मला सुटतंय किती, अन् त्यातलं बँकेला देऊ किती?” पुतण्यानें खात्यांतून पैसे दिले व परततांना तो हंसून म्हणाला, “गांव अजून मागासलेलेंच.” आम्हांस मात्र वाटलें कीं, दुपारच्या तासाभराच्या वादांत जो प्रश्न एकाही पदवीधराला सुचला नाहीं, तो ह्या मनुष्यानें एका वाक्यांत विचारला. परत मिळणारा पैसा येतो कोठून?

प्रतिपक्षाचें म्हणणें आम्ही प्रथम त्याच्या पूर्ण बलासह मांडतों. तो म्हणतो, आम्ही आमच्या मिळकतीच्या आंत खर्च करतों. महिना-दीड महिना बँकेचा पैसा बिनव्याजी वापरतों. बिल आलें कीं तें शेवटच्या पैपर्यंत फेडतों. वर शेंकडा एक-दोन रुपये परत घेतों. ह्यांत फसविलें कोणाला? सोडून दिले तर ते पैसे बँकेच्याच पेटींत जाणार. मग ते घरीं कां आणूं नयेत? हें म्हणणें मूर्खपणाचें नाहीं. हिशेबानें वागणाऱ्या गृहस्थास कार्डापासून खरोखर लाभ होतो हें आम्ही मान्य करितों. परंतु तो लाभ त्याला वाटतो तेवढा नाहीं, त्याला वाटतो तितका सुरक्षित नाहीं, आणि त्याला वाटतो तितका निरपराधही नाहीं. हे तीनही मुद्दे आम्ही क्रमानें घेतों.

पहिली गोष्ट लाभाच्या आकाराची. वरील जांवई व पुतणे ह्यांचा वाद कागदावर मांडून पाहूं. एक कुटुंब कार्डावर दरमहा २५,००० रुपये खर्च करितें. त्यांपैकीं ५,००० घरबसल्या मागविलेल्या मालाचे व २०,००० प्रत्यक्ष दुकानांतले. पहिलें कार्ड घरबसल्याच्या खरेदीवर पांच व इतर खरेदीवर एक टक्का देतें, आणि वर्षाची फी ९९९ रुपये घेतें. दुसरें सरसकट दीड टक्का देतें व फी घेत नाहीं. पहिल्यापासून महिन्यास २५० अधिक २०० मिळून ४५० रुपये, म्हणजे वर्षास ५,४०० मिळतात. त्यांतून फी व तिच्यावरील अठरा टक्के कर मिळून १,१७९ वजा जातां उरले ४,२२१. दुसऱ्यापासून महिन्यास ३७५ प्रमाणें वर्षास ४,५००. ‘पांच’ हा आंकडा ‘दीड’ ह्या आंकड्याहून २७९ रुपयांनीं लहान ठरला! शिवाय ह्या पांचांच्या मोहानें महिन्यास एक हजाराची अनावश्यक वस्तु घरांत आली, तर वर्षास १२,००० घालवून ६०० कमाविल्याचा आनंद गृहस्थ भोगतो.

बरें, हा आंकडाही स्थिर नसतो. इंधन, घरभाडें, विमा, पाकिटांत भरलेले पैसे अशा मोठ्या खर्चाच्या बाबी बहुधा बारीक अक्षरांत वगळलेल्या असतात. महिन्यास अमुक रुपयांपलीकडे परत नाहीं अशी मर्यादा असते. आणि ही मर्यादा गिऱ्हाइकांची सवय जडल्यावर आंखूड होते. एसबीआय कार्ड ह्या कंपनीनें सप्टेंबर २०२२ मध्यें काढलेल्या कॅशबॅक कार्डावर आरंभीं महिन्यास १०,००० रुपयांपर्यंत परत मिळत. मे २०२३ पासून ती मर्यादा ५,००० वर आली. त्यांत बेकायदेशीर कांहींच नाहीं. नियम बदलण्याचा अधिकार देणाराकडेच असतो, घेणाराकडे नसतो, एवढेंच ध्यानांत धरावयाचें. तसेंच २०१८ सालीं आयसीआयसीआय बँक व अॅमेझॉन ह्यांचें कार्ड निघालें, तेव्हां त्या दुकानाच्या खरेदीवर वर्गणीदारांस पांच व इतरांस तीन टक्के देऊं केले होते. म्हणजे परताव्यासाठीं दुकानाचे वर्गणीदार व्हावें, आणि वर्गणी भरून काढण्यासाठीं तेथेंच खरेदी करावी! कार्डाची निवड आपण करितों असें गृहस्थास वाटतें. वस्तुतः दुकानाची निवड कार्ड करितें.

दुसरी गोष्ट धोक्याची. ठरलेल्या दिवशीं पूर्ण बिल भरलें नाहीं, तर अनेक कार्डांवर महिन्यास साडेतीन टक्के, म्हणजे वर्षास बेचाळीस टक्के व्याज लागतें. त्यावर अठरा टक्के कर धरला म्हणजे हा आंकडा पन्नाशीला टेकतो. व्याज बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या तारखेपासून मोजलें जातें, आणि मागील बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीसही बिनव्याजी मुदत मिळत नाहीं. आमच्या उदाहरणांतील कुटुंबानें एकदांच, केवळ विसरून, २५,००० ची बाकी एक महिना ठेविली, तर ८७५ रुपये व्याज व १५७ रुपये ५० पैसे कर मिळून १,०३२ रुपये ५० पैसे झाले; उशिराचा दंड निराळाच. हा सुमारें पावणेतीन महिन्यांचा परतावा आहे. वर्षभर चार कार्डांचें पंचांग सांभाळून मिळविलेलें धन एका प्रवासांत, एका आजारपणांत, एका विसरलेल्या तारखेंत असें निघून जातें. आणि बिलावर ठळक छापलेली ती ‘किमान रक्कम’ तर विसरणाऱ्यासाठीं नव्हे, ओढगस्तींत असणाऱ्यासाठीं आहे. ती भरली म्हणजे दंड टळतो, व्याज टळत नाहीं.

येथें आमच्याच प्रांताचा इतिहास आठवल्यावांचून राहत नाहीं. १२ मे १८७५ रोजीं ह्याच पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. त्या दंग्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि रोख्यावर लिहिलेल्या आंकड्यामागें जाऊन मूळ देणें-घेणें तपासण्याची मुभा न्यायाधीशास मिळाली. पुढें महाराष्ट्रांत सावकारीवर नवा कायदा २०१४ सालीं झाला, व त्याच वर्षीं परवानाधारक सावकारानें शेतकरी नसलेल्या ऋणकोकडून, तारण नसतांही, वर्षास अठरा टक्क्यांहून अधिक व्याज घेऊं नये असा दर शासनानें ठरविला. म्हणजे पौडच्या बाजारांतील परवानाधारक सावकारानें अठराच्या वर एक टक्का घेतला तर तो गुन्हेगार, आणि वातानुकूलित कचेरींतून बेचाळीस घेणारी संस्था प्रतिष्ठित! राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं, कार्डावर तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणें ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं तो रद्द ठरविला, कारण व्याजाचा दर हें क्षेत्र रिझर्व्ह बँकेचें आहे, आयोगाचें नव्हे. न्यायालयाचा मान राखून आम्ही इतकेंच म्हणतों कीं, मग रिझर्व्ह बँकेनें तो दर बांधून द्यावा.

कोणी म्हणेल, आम्ही तर वेळेवर फेडतों. तें व्याज आम्हांस काय? उत्तर असें कीं, जो फेडूं शकत नाहीं त्याच्या बेचाळीस टक्क्यांच्या आधारावरच तुमच्या दीड टक्क्याचें औदार्य चालतें. आणि येथून तिसरी गोष्ट, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, ती सुरू होते.

परताव्याचा दुसरा झरा म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्यांतून होणारी कपात. कार्डानें शंभर रुपये दिले, तर दुकानदाराच्या हातीं सामान्यतः अठ्ठ्याण्णवच्या आसपास पडतात. मधल्या दोनांतील मोठा वांटा कार्ड देणाऱ्या बँकेस जातो, आणि त्यांतला तुकडा ती गिऱ्हाइकास ‘बक्षीस’ म्हणून परत करिते. जुन्या बाजारांत रोख पैसे मोजणाऱ्यास व्यापारी वटाव देत असे. तो त्याच्या स्वतःच्या नफ्यांतून, उघड उघड, व रोखीच्या सोयीबद्दल असे. आतां उलट झालें आहे: जो रोख देत नाहीं त्यालाच सूट, आणि ती देतो तिऱ्हाईत, दुकानदाराच्या पैशानें. दुकानदार धर्मादाय संस्था नव्हे. ही कपात तो मालाच्या किंमतींत घालतो. किंमत मात्र सर्वांना एकच. कार्ड नसलेला भात लावणारा मजूर, कारखान्याच्या फाटकाशीं चहा विकणारी बाई, हीं तेंच तेल त्याच भावानें घेतात, आणि त्यांच्या पदरीं परत कांहीं पडत नाहीं.

हें आमचें कल्पित नव्हे. १९८६ सालीं अमेरिकेंत सीअर्स ह्या प्रचंड दुकानदारी कंपनीनें ‘डिस्कव्हर’ कार्ड देशभर काढलें, तेव्हांपासून खर्चाचा अंश रोख परत करण्याची ही युक्ति तेथें बोकाळली. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेंतील तिघां अर्थशास्त्र्यांनीं २०१० सालीं तिचा हिशेब मांडला. तो असा कीं, रोखीनें व्यवहार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाकडून वर्षास सरासरीनें १४९ डॉलर निघून जातात, आणि कार्ड वापरणाऱ्या प्रत्येक कुटुंबास १,१३३ डॉलर मिळतात. उलट बाजूचा पुरावा युरोपांत आहे. तेथें २०१५ सालीं कायद्यानें क्रेडिट कार्डावरील बँकांमधील हा आकार ०.३ टक्क्यांवर बांधून टाकला, आणि तेथील परताव्याच्या योजना सुकल्या. झऱ्यास बांध घालतांच पाट आटला. मग पाणी कोणत्या झऱ्याचें होतें हें वेगळें सांगावयास नको.

मुळशी तालुक्यास असला व्यवहार अगदींच अपरिचित नाहीं. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून येथील भातशेतें पाण्याखालीं गेलीं, आणि १९२१ पासून सेनापति बापट व मावळे ह्यांनीं त्याविरुद्ध सत्याग्रह केला. दिवा एका ठिकाणीं लागावा व तेल दुसऱ्याच्या घरचें जळावें, हें तेव्हां डोळ्यांना दिसत होतें. कार्डाचा प्रकार त्या मानानें क्षुद्र आहे, आणि दोहोंची तुलना करण्याइतके आम्ही अविचारी नाहीं. परंतु तेल कोणाचें जळतें हें ह्या प्रकारांत दिसतच नाहीं, म्हणून सज्जन माणसेंही त्यांत निःशंक भाग घेतात.

प्रामाणिकपणें हेंही सांगितलें पाहिजे कीं, आमच्या देशांत कांहीं बाबतींत शहाणपण दाखविलें गेलें आहे. खात्यांतून फोननें थेट दिलेल्या पैशांवर व रुपे डेबिट कार्डावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून कांहीं कापलें जात नाहीं. रुपे क्रेडिट कार्ड फोनशीं जोडण्याची सोय २०२२ सालीं झाली, तेव्हां लहान दुकानांतील २,००० रुपयांपर्यंतचे व्यवहारही ह्या आकारांतून वगळण्यांत आले. परंतु त्यापलीकडे क्रेडिट कार्डास बांध नाहीं, आणि २०२४ च्या आरंभींच देशांतील कार्डांची संख्या दहा कोटींच्या पुढें गेली. लाट चढते आहे. बांध आतांच घातला पाहिजे.

मग काय, कार्डांची होळी करावी? मुळींच नाहीं. सुप्यास रोखे जळाले ते निरुपायानें. आमच्या वाचकांस उपाय आहे. कार्ड निवडावयाचें तर टक्क्यापासून आरंभ करूं नये. पहिला प्रश्न असा: गेल्या बारा महिन्यांत एकही बिल अपुरें भरलें गेलें काय? उत्तर ‘होय’ असेल, तर ह्या गृहस्थास कोणतेंच कार्ड चांगलें नाहीं. त्यानें आधीं बाकी फेडावी. उत्तर ‘नाहीं’ असेल, तर पूर्ण बिल ठरल्या दिवशीं खात्यांतून आपोआप जाईल अशी व्यवस्था करून, फी नसलेलें, सरसकट परतावा देणारें एकच कार्ड ठेवावें. फी असलेलें घेण्यापूर्वीं स्वतःच्या वर्षाच्या खर्चाची वही पाहावी, जाहिरात पाहूं नये. ९९९ च्या फीचे कर धरून १,१७९ रुपये एक टक्क्यानें भरून काढण्यास सुमारें १,१८,००० रुपयांचा खर्च व्हावा लागतो. नको असलेलें कार्ड परत करावें. बाकी नसलेलें कार्ड बंद करण्याची मागणी केल्यावर तें सात कामाच्या दिवसांत बंद न झाल्यास दर दिवसास ५०० रुपये गिऱ्हाइकास द्यावे, असा दंडक रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं घातला. आणि लहान दुकानदाराच्या दारीं कार्ड काढूंच नये. खात्यांतून द्यावें, अथवा रोख.

परंतु घरोघरच्या शहाणपणानें हा प्रश्न मिटणार नाहीं. ह्याच पुण्यांत १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी ह्यांनीं ग्राहक पंचायत उभी केली, ती ग्राहकानें स्वस्त वस्तु शोधीत फिरावें एवढ्यासाठीं नव्हे, तर त्यानें बाजाराला प्रश्न विचारावे ह्यासाठीं. ती परंपरा ज्यांची, त्यांनीं आज तीन मागण्या कराव्या: व्याजाच्या दरास कमाल मर्यादा, दुकानदाराकडून होणाऱ्या कपातीस कमाल मर्यादा, आणि प्रत्येक बिलावर, परताव्याच्या शेजारींच, तितक्याच ठळक अक्षरांत, वर्षभरांत गेलेलें व्याज, दंड व फी. त्या मागण्या मान्य झाल्या तर आमचा परतावा घटेल हें आम्ही जाणतों. तो घटावा असेंच आम्ही म्हणतों.

राहतां राहिली भऱ्याची गोष्ट. घरीं आल्यावर पुतण्यानें हिशेब केला कीं, त्या दुकानापायीं आपले साडेबावन्न रुपये बुडाले. मंडळी हंसली. पण त्याच दुकानदारानें, आम्हांस पूर्वीं कधीं पाहिलें नसतां, साडेतीन हजारांचा माल “उद्या दिलंत तरी चालंल” म्हणून हातीं ठेविला होता. व्याज नाहीं, फी नाहीं, बारीक अक्षरें नाहींत. एवढी पत त्यानें आम्हांवर टाकली, आणि आम्ही मात्र दुपारभर, त्याच्याच गल्ल्यांतून निघालेला आवळा कोणत्या कार्डावर मोठा मिळेल, ह्याचा वाद घालीत बसलों होतों.